विरून जाणारा निरोप

‘डीएनए आणि आरएनए यांतील फरक स्पष्ट करा.’ वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारून हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी सोडवला आहे. डावीकडे दोन धागे, उजवीकडे एक. डावीकडे डीऑक्सिरायबोझ साखर, उजवीकडे रायबोझ. डावीकडे थायमिन, उजवीकडे युरॅसिल. गुण पुरे मिळायचे. पुढे शिक्षक झाल्यावर मीही हाच तक्ता फळ्यावर काढत आलो आणि त्याच्या जोडीला एक वाक्य सांगत आलो: डीएनए मालक, आरएनए त्याचा निरोप्या. तक्त्यात चूक नव्हती. ते वाक्य मात्र आता माझ्याच्याने सांगवत नाही.

गंमत अशी की या दोन रेणूंमधला शास्त्रज्ञांना वाटलेला पहिला फरकच चुकीचा होता. १८६९ साली फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस संशोधकाने जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, रुग्णांच्या जखमांवरच्या पट्ट्यांतला पू धुऊन त्यातल्या पेशींच्या केंद्रकांतून एक नवा पदार्थ वेगळा केला. त्याला त्याने ‘न्यूक्लीन’ म्हटले. पुढच्या काळात असे पदार्थ, म्हणजे केंद्रकाम्ले, प्रामुख्याने दोन ठिकाणांहून मिळवले जात: वासराच्या थायमस ग्रंथीतून आणि यीस्टमधून. दोहोंतली साखर वेगळी निघाली. तेव्हा तर्क झाला की एक केंद्रकाम्ल प्राण्यांचे, दुसरे वनस्पतींचे (यीस्टही तेव्हा वनस्पतींत गणले जाई). तर्क फसला त्याचे कारण साधे होते. थायमसच्या पेशी जवळजवळ केंद्रकानेच भरलेल्या असतात, म्हणून तिथे डीएनए भरपूर हाती येतो. यीस्टमध्ये आरएनएचा सुकाळ असतो. ज्याला जे सहज सापडले, ते त्याने त्या जिवाचे लक्षण मानले. १९२४ मध्ये रॉबर्ट फॉयल्गेन यांनी फक्त डीएनएलाच चढणारा रंग वापरला, तेव्हा वनस्पतींच्या पेशींची केंद्रकेही रंगली. मग हळूहळू उमजले की दोन्ही आम्ले एकाच पेशीत नांदतात.

एकाच घरात आहेत, तर दोघांची कामे कोणती? १९४०च्या सुमारास ब्रसेल्समध्ये जाँ ब्राशे आणि स्टॉकहोममध्ये टॉर्ब्यॉर्न कास्पर्सन हे वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचले. आरएनए मुख्यतः केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात असतो. आणि ज्या पेशी प्रथिने भराभर तयार करतात, उदाहरणार्थ स्वादुपिंडाच्या, त्यांत तो ठासून भरलेला असतो. १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी जिवाणूंचे गुण बदलणारा पदार्थ डीएनए आहे असे दाखवले. १९५३ मध्ये दुहेरी सर्पिलाची रचना उलगडली आणि सगळ्या जगाचे डोळे डीएनएकडे लागले. पण डीएनए केंद्रकात आणि प्रथिनांचा कारखाना बाहेर. मधला निरोप कोण नेतो, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर समोर असूनही दिसत नव्हते. पेशीतला बहुतांश आरएनए रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने जोडणाऱ्या कणांमध्ये असतो. तो विपुल आणि टिकाऊ. त्यामुळे रायबोसोमचा आरएनए हाच निरोप असणार, प्रत्येक प्रथिनासाठी वेगळा रायबोसोम असणार, असे मानले गेले. महत्त्वाची गोष्ट टिकाऊच असली पाहिजे ही आपली सवय विज्ञानातही शिरते. १९५६ मध्ये व्होल्किन आणि अॅस्ट्राचान यांना विषाणूची लागण झालेल्या जिवाणूंत एक अल्पजीवी आरएनए दिसला होता. त्यातल्या घटकांचे प्रमाण विषाणूच्या डीएनएशी जुळत होते. पण क्षणात विरणाऱ्या गोष्टीत निरोप असेल हे कुणाला सुचले नाही.

१९६०च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत गप्पा चालल्या होत्या. पॅरिसहून आलेले फ्रान्स्वा झाकोब आपल्या प्रयोगांबद्दल सांगत होते: जनुक पेशीत शिरताच प्रथिन तयार होऊ लागते, नवा रायबोसोम घडण्याइतका वेळही जात नाही. ऐकता ऐकता ब्रेनर आणि दुहेरी सर्पिलाच्या शोधातले फ्रान्सिस क्रिक यांना तो विस्मरणात गेलेला अल्पजीवी आरएनए आठवला. तोच निरोप्या! त्याच वर्षी जूनमध्ये ब्रेनर आणि झाकोब कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे प्रयोग करायला गेले. आधी जड समस्थानिकांवर वाढवून जिवाणूंचे रायबोसोम जड करायचे, मग विषाणू सोडून हलक्या माध्यमात न्यायचे आणि नवा आरएनए कुठे जाऊन बसतो ते पाहायचे. पण रायबोसोम दर वेळी फुटून जात. परतायची वेळ जवळ येत चालली होती. समुद्रकिनाऱ्यावर हताश बसलेले असताना ब्रेनर यांच्या ध्यानात आले की द्रावणातले सीझियम मॅग्नेशियमची जागा घेत आहे. मॅग्नेशियम वाढवले आणि प्रयोग जमला. नवा आरएनए जुन्याच, जड रायबोसोमवर बसलेला सापडला. रायबोसोम कुठलाही निरोप वाचू शकतो आणि निरोप वाचून झाला की मोडीत निघतो, हे सिद्ध झाले.

१९६१च्या मे महिन्यात निरेनबर्ग आणि मथाय यांनी नुसत्या युरॅसिलची आरएनए-साखळी वापरून सांकेतिक लिपीतला पहिला शब्द वाचला. पुढे हरगोविंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत घडवून लिपी उलगडायला मोठा हातभार लावला. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द, त्यांतले ६१ अमिनो आम्लांचे, तीन पूर्णविराम.

डीएनए आणि त्याच्या निरोप्याच्या या नात्यासाठी वर्गात मी भूमी अभिलेखाची उपमा देत असे. मूळ दप्तर कार्यालयाबाहेर जात नाही. तुम्हाला नक्कल मिळते, तिने काम भागवायचे. उपमा मुलांना पटे, आणि एका बाबतीत ती खरीही आहे. आरएनएच्या साखरेवर एक ऑक्सिजन अणू जास्त असतो आणि त्याच्यामुळे साखळी आपली आपणच तुटू शकते. डीएनएत तो नाही, म्हणून तो टिकतो. थायमिनचेही तसेच. सायटोसिन हा घटक अधूनमधून आपोआप बिघडून युरॅसिल होतो. डीएनएत मुळात युरॅसिल असता, तर अस्सल कुठला आणि बिघडलेला कुठला हे कळले नसते. तिथे थायमिन असल्यामुळे दुरुस्ती करणारी विकरे युरॅसिल दिसला की काढून टाकतात. तक्त्यातल्या त्या दोन ओळी पाठांतरासाठी नाहीत. दप्तर कसे जपले जाते, ते त्या सांगतात.

नाशवंतपणाला मात्र आपण उगीच कमीपणा मानला. जिवाणूंत निरोप बहुधा काही मिनिटेच टिकतो. तो तसाच राहिला असता तर साखर संपल्यावरही ती पचवणारी प्रथिने बनतच राहिली असती. बदलत्या परिस्थितीत जगायचे तर काल दिलेला हुकूम आज पुसला गेला पाहिजे. पेशीला न विसरणारा रेणू लागतो, तसा विसरणाराही लागतो.

आणि नक्कल म्हणून हिणवलेला हा रेणू निव्वळ नक्कल नाहीच. १९८२ मध्ये थॉमस चेक यांनी एका एकपेशीय जिवात स्वतःला कापून जोडणारा आरएनए दाखवला. विकराचे काम आरएनए करतो हे तोवर अनेकांना अशक्य वाटे. २००० मध्ये रायबोसोमची बारीक रचना स्पष्ट झाली, तेव्हा अमिनो आम्ले जोडण्याचे मुख्य काम आरएनएच करतो हे दिसले. डीएनएची प्रत काढतानाही सुरुवात आरएनएच्या छोट्या तुकड्याने होते. डीएनएच्या विटासुद्धा पेशी आरएनएच्या विटांतला एक ऑक्सिजन काढून बनवते. जीवसृष्टीच्या आरंभी आरएनएच दप्तर आणि कारागीर दोन्ही होता, या कल्पनेला वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये ‘आरएनए जग’ असे नाव दिले. ती सिद्ध झालेली नाही, पण मला ती पटते. मालक कोण, नोकर कोण, हा प्रश्नच मग गैरलागू होतो.

पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए, म्हणजे याच निरोप्या आरएनएच्या, कोविड लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा लशी आपला डीएनए बदलतील, अशी भीती त्या काळात अनेकांनी मला बोलून दाखवली. लशीतला आरएनए पेशीद्रव्यात वाचला जातो आणि तिथेच मोडतो. त्याचा विरून जाण्याचा स्वभाव हाच इथे आपला दिलासा आहे.

हा स्वभाव प्रत्यक्ष पाहायचा असेल तर जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमधली एक नेहमीची तपासणी आठवा: रेटिक्युलोसाइट काउंट. अस्थिमज्जेतली तांबडी पेशी रक्तात येण्याआधी आपले केंद्रक, म्हणजे सगळे दप्तर, बाहेर टाकते. तरी मागे उरलेल्या आरएनएवर ती हिमोग्लोबिन बनवत राहते. न्यू मिथिलीन ब्लू टाकल्यावर तिच्यात जे निळे जाळे दिसते, ते याच आरएनएचे. रक्तात आल्यावर दिवसा-दोन दिवसांत ते जाळे नाहीसे होते. त्यानंतर सुमारे १२० दिवस ती पेशी प्राणवायू वाहत फिरते, पण एकही नवे प्रथिन बनवू शकत नाही.