ऋण, दिवाळे आणि धर्म



प्रपंचात राहून परमार्थ साधावयाचा तर प्रपंचातील अवघड गाठींकडे पाठ फिरवून चालत नाही. आजच्या निरूपणासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो देवळाच्या पत्रिकेत शोभणारा नाही असे कोणास वाटेल. विषय आहे दिवाळ्याचा. परंतु आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरी आज व्यापारातील खोट, लांबलेले आजारपण, मुलीचे कार्य किंवा मित्रासाठी दिलेला जामीन यांपायी देणे साचले आहे, आणि त्याची वाच्यता घरातही होत नाही. गृहस्थ कथेला येतो, आरतीला उभा राहतो, प्रसाद घेतो. पण त्याचे चित्त उद्याच्या तगाद्यात गुंतलेले असते. अशा माणसाला धर्म काय सांगतो, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम शास्त्राचा विचार करू. मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण, असे वेदवचन आहे. म्हणजे ऋणी असणे हा आपल्या धर्माने कलंक मानलेला नाही. ती मनुष्याची मूळ अवस्थाच मानली आहे. मनुस्मृतीत न्यायनिवाड्याची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत पहिले पद ऋणादानाचे आहे. घेतलेले फेडावे हा धर्म आहे, यात शंका नाही. राजा हरिश्चंद्राने दक्षिणेच्या देण्यापायी स्वतःस विकले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. परंतु त्याच शास्त्राने धनकोलाही मर्यादा घातली. दामदुपटीचा नियम सर्वांस ठाऊक आहे: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. ऋणकोने सचोटी सोडू नये आणि धनकोने ऋणकोचा प्राण घेऊ नये, अशी ही दुहेरी आज्ञा आहे. यांतील पहिली आज्ञा आपण पुष्कळ ऐकतो, दुसरीचा मात्र विसर पडतो.

आता संतांकडे वळू. ज्यांच्या नामाचा आपण नित्य गजर करतो, त्या श्रीतुकोबारायांचे दिवाळे निघाले होते. देहूच्या या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. वडील बंधू सावजी विरक्त. म्हणून प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. पुढे मातापितरांचे छत्र गेले. १६३०च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्यात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, लोकांत मान राहिला नाही. हे सारे तुकोबांनी आपल्याच वाणीने सांगून ठेवले आहे; काही लपविले नाही. लज्जा वाटली, हेही त्यांनी मोकळेपणे सांगितले. आणि पुढे त्याच दिवाळ्याबद्दल देवाचे उपकार मानले.

यानंतरच्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी की, या आघातानंतर तुकोबांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ हाती घेतले आणि ते दुरुस्त केले. सर्व गेल्यावर मनुष्य हातपाय गाळून बसतो. त्यांनी मात्र समोर दिसले ते काम उचलले. दुसरी गोष्ट इंद्रायणीची. लोकांकडून येणे असलेली खतपत्रे त्यांनी डोहात सोडली, असे परंपरा सांगते. पण ती सगळी नव्हेत! धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा त्याला देऊन, उरलेला आपला तेवढाच त्यांनी सोडला. दुसऱ्याच्या हक्कावर आपण उदार होऊ नये, एवढी हिशेबाची चाड त्या विरक्तीतही होती. स्वतः देण्याने पोळलेला मनुष्य दुसऱ्याच्या देण्याकडे कसा पाहतो, याचा हा धडा आहे.

संतांनी जे करुणेने केले, ते समाजाला कायद्याने करावे लागले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि ठिकठिकाणी कर्जाचे रोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ साली आणि इतर मुलुखासाठी १९२० साली नादारीचे कायदे झाले. २०१६ साली नवी संहिता आली. तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून, कंपन्यांच्या कर्जांस वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच, लागू करण्यात आला. बाकीच्या माणसांचे अर्ज जुन्या कायद्यांखालीच येत राहिले. केवळ ऐपत नाही म्हणून प्रामाणिक ऋणकोला तुरुंगात घालणे न्याय्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९८० साली स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे दिवाळखोर म्हटला की बेड्या, ही जी भीती कित्येकांच्या मनात घर करून आहे, ती निराधार आहे.

या मार्गाचे स्वरूप थोडक्यात पाहू. ज्याचे देणे ५०० रुपयांहून कमी नाही आणि जो ते फेडण्यास असमर्थ आहे, तो १९२०च्या कायद्याप्रमाणे जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. अर्जात सर्व धनको, सर्व देणी आणि सर्व मालमत्ता सांगावी लागते. न्यायालयाने नादार ठरविले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून धनकोंना प्रमाणशीर वाटून देतो. परंतु सारेच जात नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूणपांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे सौभाग्यलेणे, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांना कायदा हात लावीत नाही. चूल विझू नये, मंगळसूत्र तुटू नये आणि हाताचे कसब निकामी होऊ नये, हा त्यातील भाव आहे.

समजा, एखाद्या कापडाच्या दुकानदाराला तारण नसलेले एकंदर १० लाख रुपये देणे आहे आणि सर्व विकून ४ लाख येतात. म्हणजे धनकोंच्या पदरात रुपयामागे ४० पैसे पडले. पुढे ठरलेल्या मुदतीत त्याने मुक्ततेचा अर्ज केला की न्यायालय विचारते: रुपयामागे ५० पैसेदेखील का निघाले नाहीत? हे ज्याचा दोष त्याजवर ठेवता येत नाही अशा कारणाने झाले काय? मागील तीन वर्षांची कीर्दखतावणी होती काय? आपण बुडालो हे कळल्यावरही त्याने उधारीने व्यापार चालूच ठेवला काय? सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली काय? या प्रश्नांची उत्तरे स्वच्छ असतील तर मुक्तता मिळते आणि राहिलेल्या देण्याचा पाश सुटतो. उत्तरे मलिन असतील तर मुक्तता नाकारली जाते, लांबणीवर पडते किंवा अटींनी बांधली जाते. आणि मुदतीत अर्जच केला नाही तर सर्व खटाटोप रद्द होतो. सरकारचे देणे, कपटाने केलेले देणे आणि बायकामुलांच्या पोटगीचे देणे मात्र मुक्ततेनेही सुटत नाही. सज्जनहो, हे प्रश्न न्यायाधीशाचे असले तरी एखाद्या साधूनेही हेच विचारले असते.

या प्रसंगी मनुष्याला तीन मोह पडतात. पहिला मोह लपविण्याचा. घर भावाच्या नावावर करावे, दागिने मेहुणीकडे ठेवावे, असे सुचविणारे शहाणे पुष्कळ भेटतात. नादार ठरण्यापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदल्यावाचून केलेले असे हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते, आणि मालमत्ता दडविणे हा तर गुन्हाच आहे. दुसरा मोह पक्षपाताचा. बुडण्यापूर्वी आपल्या माणसाचे तेवढे भागवावे, बाकीचे बसोत, असे वाटते. तीन महिन्यांच्या आत हेतुपूर्वक केलेली अशी फेडही टिकत नाही. पंक्तीत वाढताना ज्याने आपपर पाहिले त्याला आपण नावे ठेवतो. येथेही न्याय तोच आहे. तिसरा मोह मौनाचा, आणि तो सर्वांत घातक आहे. ऋणकोची मुक्तता झाली तरी त्याच्या जामिनाची होत नाही. ज्या मित्राने केवळ विश्वासावर सही केली, त्याला दारात जप्ती आल्यावर कळावे, याहून मोठा विश्वासघात कोणता? अर्ज करण्यापूर्वी जामिनाच्या घरी जाऊन त्याला सर्व सांगावे. ते कठीण आहे, पण धर्म आहे.

जुन्या पेठांत दिवाळे निघालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, असे वृद्ध लोक सांगत. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की आता आमचेकडे झाकलेले काही नाही. असा दिवा लावण्याचे धैर्य ज्याला झाले, त्याची पुढील वाट सोपी होते. ज्याला ते होत नाही तो एक देणे फेडण्यास दुसरे काढतो, दुसऱ्यासाठी तिसरे, आणि शेवटी कित्येक अभागी जीव स्वतःचा अंत करून घेतात. हे आम्ही कळवळून सांगतो: देहत्यागाने एक पैही फिटत नाही, उलट घरच्यांच्या शिरी दुःखाचे नवे ऋण चढते. नरदेह हे देवाचे ठेवणे आहे. ते सावकाराच्या वहीत जमा करण्याचा आपणास अधिकार नाही.

मुक्ततेनंतरचे जीवन हे व्रतासारखे आचरावे. मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे सांगितल्यावाचून ५० रुपयांचेही कर्ज घेणे हा अपराध आहे, आणि त्या काळात नवी मालमत्ता आली तर तीही धनकोंसाठीच जाते. मुक्तता झाल्यावरही काही वर्षे रोखीनेच व्यवहार करावा. रोज रात्री देवापुढे दिवा लावल्यावर त्या दिवसाचा जमाखर्च लिहावा, आणि तो पतिपत्नींनी मिळून लिहावा. कारण देणे एकाने लपविले की ते दुणावते. मिळकतीतून प्रथम थोडे बाजूला ठेवावे आणि उरलेल्यात घर चालवावे. लग्नमुंजी आपल्या ऐपतीने कराव्यात, शेजाऱ्याच्या नव्हे. कर्जाची माहिती राखणाऱ्या कंपन्यांकडे आपली नोंद निदान सात वर्षे राहते; तिची संपूर्ण प्रत वर्षातून एकदा विनामूल्य मिळते. ती मागवून पाहावी आणि चूक आढळल्यास दुरुस्त करून घ्यावी. पत ही पेरलेल्या धान्यासारखी असते. रोज उकरून पाहिल्याने ती लवकर उगवत नाही.

मुक्तता झाल्यावर जुन्या देण्याचे काय, असे विचारतील. कायद्याने ते सुटले. त्यासाठी कोणी दरडावू शकत नाही, आणि त्या चिंतेने रात्री जागून काढण्याचेही कारण नाही. तथापि पुढे देवाने हात दिला तर ज्या गरिबाचे, ज्या विधवेचे, ज्या नोकराचे आपल्यापायी गेले, त्याला आपण होऊन थोडे थोडे द्यावे. ती फेड सक्तीची नसल्यामुळेच पुण्यप्रद आहे. मुलांना मात्र त्यात ओढू नये. बापाचे देणे मुलाने फेडावे, हे पूर्वी हिंदू कायद्याने मुलाचे पुण्यकर्तव्य मानले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून त्या आधारावर नव्या कर्जासाठी मुलावर दावा चालत नाही. तेव्हा आपल्या कर्जावर मुलाची सही घेऊन हा सुटलेला फास वडिलांनी पुन्हा त्याच्या गळ्यात घालू नये.

शेवटी समाजाविषयी दोन शब्द. दिवाळे निघालेल्याच्या घरी आपण जाणे सोडतो, त्याच्या मुलीच्या स्थळाची चौकशी थांबते, उत्सवाच्या समितीवरून त्याचे नाव हळूच गळते. ज्या तुकोबांची पालखी आपण खांद्यावर घेतो, त्यांच्याशीही त्यांच्या गावाने असेच वर्तन केले होते, हे ध्यानी धरावे. सभासदांपैकी ज्यांना हिशेबाचे ज्ञान आहे त्यांनी अशा बंधूच्या वह्या लावून द्याव्यात. जे वकील आहेत त्यांनी मार्ग सांगावा. आणि ज्यांना काहीच करता येत नाही त्यांनी निदान त्याला पंक्तीला शेजारी बसवून घ्यावे. वर्गणी देता आली नाही म्हणून देवाचे दार कोणास बंद होत नाही, हे त्याला आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे.

घेतलेले फेडण्याची बुद्धी, न फिटल्यास सत्य सांगण्याचे धैर्य आणि दुसऱ्याच्या पडत्या काळात हात देण्याची करुणा श्रीविठ्ठल आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

इति शुभं भवतु.