इटलीतली रिकामी घरे

तस्कनीचे एक चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेले असते. एकमेकींत मिसळत गेलेल्या टेकड्या, एका टेकडीच्या माथ्यावर एकटेच दगडी घर आणि त्या घराकडे वळणे घेत जाणारी सायप्रसच्या उंच झाडांची रांग. कॅलेंडरांवर, ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांवर, टूर कंपन्यांच्या जाहिरातींत हेच. सिएना शहराच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा नावाचे खोरे आहे, ते २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. भाड्याची मोटार घेऊन तिथे फिरणारी जोडपी दर वळणावर थांबतात. आम्हीही थांबत होतो. माझी पत्नी कोरेगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातली. फोटो काढून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, पण शेतात माणूस कुठंय?"

खरोखरच कोणी नव्हते. मे महिना, गहू हिरवागार, मध्येच तांबड्या पॉपीचे पट्टे, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. खुरपणारे नाही, बांधावर बसून जेवणारे नाही, हाकेला ओ देणारे नाही. आम्हाला जी शांतता वाटत होती ती तिला ओसाडी वाटत होती. या ओसाडीमागची गोष्ट कळत गेली तसे माझे एक मत बनत गेले. इटलीतल्या पर्यटनाबद्दल आज जी चर्चा होते, गर्दीची, बिघाडाची, आपण तिथे जावे की नाही याची, तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. खेड्यांतली घरे पर्यटक येण्याच्या आधीच रिकामी झाली होती. शहरांतली घरे मात्र त्याच्यासाठी रिकामी केली जात आहेत.

खेडी आधी घेऊ. सिएनाच्या नगरभवनात, जिथे एकेकाळी 'नऊ जणांचे' सरकार बसत असे त्या दालनात, आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतभर चित्रे काढली. एका बाजूला चांगल्या राज्यकारभाराचे परिणाम, समोर वाईट कारभाराचे. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर अर्धे शहर आहे, अर्धा मुलूख. वेशीतून ससाणे घेऊन शिकारीला निघालेले श्रीमंत लोक, धान्य लादून शहराकडे येणारी जनावरे, एक डुक्कर हाकत चाललेला शेतकरी, मळणी करणारे, नांगरणारे. मुलूख माणसांनी गजबजलेला आहे. वर आकाशात सुरक्षिततेची पंख असलेली स्त्रीमूर्ती तरंगते आहे आणि तिच्या हातात फाशी दिलेल्या माणसासह छोटा फाशीचा खांब आहे. शांतता कशाच्या जोरावर टिकते हे चौदाव्या शतकातल्या चित्रकाराने लपवलेले नाही. समोरच्या भिंतीवर शेते उजाड आहेत. युनेस्कोने व्हाल दोर्चाचा गौरव करताना याच सुशासनाच्या आदर्शाचा दाखला दिला आहे. पण लोरेन्झेत्तीचे माप लावले तर आजचे ते सुंदर, निर्मनुष्य खोरे कोणत्या भिंतीवर जाईल?

टेकडीवर एकटे उभे असलेले ते दगडी घर मुळात एकांतासाठी बांधलेले नाही. ते कुळाचे घर आहे. मध्य इटलीत काही शतके मेद्झाद्रिया नावाची पद्धत होती, आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीची सख्खी बहीण. जमीन आणि घर मालकाचे, राबणे कुटुंबाचे, पिकाचे दोन वाटे. फरक एवढा की तिथे कूळ गावात नव्हे, वाट्याला आलेल्या शेतातच राहायचे, म्हणून दर टेकडीवर एक घर. खालच्या मजल्यावर गोठा, वर चुलीची खोली आणि त्यात तीन पिढ्या. घरात राबणारे हात जमिनीच्या मानाने कमी पडले किंवा खाणारी तोंडे जास्त झाली, तर मालक दुसरे कूळ आणू शके. बऱ्याच ठिकाणी पोराबाळांची लग्ने ठरवायलाही मालकाची संमती लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही माणसे निघाली. प्रातोच्या कापड गिरण्यांत, पोजिबोन्सीच्या फर्निचर कारखान्यांत, पोंतेदेरात जिथे व्हेस्पा स्कूटर बनत होत्या तिथे ठरलेला पगार होता, नळाला पाणी होते. मुली कुळाच्या घरात पडायला नको म्हणत. (शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, हे साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.) १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करायला बंदी केली. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कुळाला जमिनीचा मालक करू पाहिले. तस्कनीत कायदा पोचला तेव्हा कूळ बिऱ्हाड बांधून निघालेले होते. छपरे खचू लागली. मग इंग्रज, जर्मन आणि खुद्द मिलान-रोमचे लोक आले आणि त्यांनी ही घरे स्वस्तात घेतली.

म्हणजे आपण ज्याला अनादी तस्कनी म्हणतो तिचे वय पन्नास-साठ वर्षांपलीकडे फारसे जात नाही. कुळांच्या काळात तिथे एकसलग गव्हाचा समुद्र नव्हता. एकाच वावरात मॅपलच्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल, मधल्या पट्ट्यांत गहू, कडेला ऑलिव्ह, अशी सगळी सरमिसळ होती, कारण कुटुंबाला वर्षभर पुरेल ते सगळे त्यातूनच निघायला हवे असे. माणसे गेल्यावर ट्रॅक्टरला वळायला जागा हवी झाली आणि झाडे तुटली. सर्वांत जास्त फोटो निघणारी सायप्रसची नागमोडी वाट ला फोचे या इस्टेटीजवळची. ती मध्ययुगीन वाटते, पण आंतोनियो आणि आयरिस ओरिगो या जोडप्याने १९२४ मध्ये ती उजाड, माती धुपलेली जमीन विकत घेतली आणि त्यानंतर ही वाट आखली गेली. बैलही बदलले. कियानीना नावाची पांढरी, अवाढव्य जात नांगराला जुंपत; आज तीच जात फ्लोरेन्सच्या प्रसिद्ध स्टेकसाठी वाढवली जाते.

भरलेला मुलूख आपल्याकडच्या काही माणसांनी पाहिला होता, आणि ते तिथे सुटीला गेले नव्हते. १९४४ च्या उन्हाळ्यात भारतीय डिव्हिजन याच टेकड्यांतून उत्तरेला सरकत होत्या, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. सोबतचे सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणे घेतले आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; उंब्रियातल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे. त्या जुलैत टेकडीवरच्या घरांत अजून कुळे राहत होती आणि दावणीला पांढरे बैल होते. रायगडच्या शेतकऱ्याच्या पोराला तो मुलूख आमच्यापेक्षा ओळखीचा वाटला असेल, असे मला वाटते. पण त्याला टेकडीवरचे घर म्हणजे दृश्य नव्हते. जाड भिंतींमागे जर्मन तोफा असण्याची ती जागा होती.

तर खेड्यातल्या पर्यटकाने किती अपराधी वाटून घ्यावे? माझ्या मते फारसे नाही. इटलीने १९८५ मध्ये कृषी-निवासाचा कायदा केला, त्यात पाहुण्यांचे उत्पन्न हे शेतीला जोड म्हणून आणि शेती हाच मुख्य धंदा अशी अट घातली. अट सगळीकडे मनापासून पाळली जाते असे नाही. काही जागी शेती म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीची वीस ऑलिव्हची झाडे. तरी छपरे टिकली, आणि काही घरांतली तिसरी पिढी परत आली. आम्ही उतरलो होतो तिथे नाश्त्याची खोली म्हणजे जुना गोठा होता. गव्हाणीत वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. मालकीणबाई सकाळी अंडी आणून द्यायच्या आणि अकराला ट्रॅक्टरवर असायच्या. पत्नीला शेतात दिसलेले पहिले माणूस ते.

बाकीचे राबणारे हात दिसत नाहीत ते वेगळ्या कारणाने. द्राक्षतोडणीला येणारे बरेचजण परदेशातले असतात, तोडणी संपली की जातात. आणि उत्तरेकडे पो नदीच्या सपाट मुलखात, जिथे फोटोसाठी कोणी गाडी थांबवत नाही, तिथल्या गोठ्यांत पंजाबी आहेत. पार्मिजानोच्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या चीजचे दूध काढणाऱ्यांत शीख कामगारांचा वाटा मोठा आहे; नोव्हेल्लारा गावात २००० पासून त्यांचा भव्य गुरुद्वारा आहे. धार पहाटे आणि संध्याकाळी, छपराखाली. सहलीच्या वेळापत्रकात ती येत नाही.

शहरांचे गणित उलटे आहे, आणि तिथे माझी सहानुभूती पर्यटकाला नाही, म्हणजे मला नाही. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. आज पन्नास हजारही नाहीत. सान बार्तोलोमेओच्या चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानाने काचेमागे आकड्यांची पाटीच लावली, उरलेल्या रहिवाशांची. यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: व्हेनिस रिकामे होऊ लागले तेही पर्यटकामुळे नव्हे. ओल, महागाई, ४ नोव्हेंबर १९६६ चा महापूर, आणि खाडीपलीकडे मेस्त्रे-मार्गेरात कारखाने आणि कोरडी घरे. कुळे जशी प्रातोला गेली तसे व्हेनिसचे लोक मेस्त्रेला गेले. पण खेड्यात रिकाम्या घराला दुसरा गिऱ्हाईकच नव्हता. व्हेनिसमध्ये, फ्लोरेन्समध्ये आहे. नर्सला, शिक्षकाला, विद्यार्थ्याला ते घर हवे आहे, आणि महिन्याच्या भाड्याने देण्यापेक्षा रात्रीच्या भाड्याने देण्यात मालकाचा कितीतरी जास्त फायदा आहे. जाणारा गेला, येऊ पाहणाऱ्याच्या दारावर मात्र किल्लीची छोटी आकडेवाली पेटी लटकू लागली. फ्लोरेन्सने २०२३ मध्ये जुन्या शहरात असे नवे फ्लॅट सुरू करायला बंदी घातली. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, सुरुवातीला पाच युरोंचे, प्रवेशशुल्क लावले, पण ते दिवसभर येऊन जाणाऱ्यांना. दिवसाचा पाहुणा गल्ल्या अडवतो, पुलावर सँडविच खातो, पण कोणाचे घर अडवत नाही. रात्रीचा पाहुणा शांत असतो, सभ्य असतो, कचरा वेगळा करतो, आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरात चहा करतो.

स्वयंपाकघर ही आमच्यासारख्यांची खरी अडचण. मराठी जोडपी युरोपात फ्लॅट घेतात ते पैशांइतकेच भातासाठी. आमच्या बॅगेत छोटा कुकर, मेतकूट, गोडा मसाला असतोच, आणि संध्याकाळी मुगाची खिचडी शिजली की दिवसाचा शीण उतरतो. माझे म्हणणे असे की ही चैन शेतावरच्या घरात करावी, ते आधीच रिकामे झाले होते. शहरात हॉटेलात राहावे, जेवण बाहेर घ्यावे, परवडत नसेल तर रात्री कमी कराव्यात. पत्नीला हे अर्धेच पटले. तिचे म्हणणे, मग हॉटेल तरी कशाला, खेड्यात मुक्काम ठेवून सकाळच्या गाडीने फ्लोरेन्सला जाऊन संध्याकाळी परत यावे. मी म्हटले, तसे सगळेच करू लागले तर दुपारी उफीत्सी संग्रहालयाच्या दाराशी उभे राहायला जागा उरणार नाही, आणि संध्याकाळच्या शहरात जे थोडे रहिवासी चौकात फिरायला बाहेर पडतात तेही आपल्याला कधी दिसणार नाहीत. ती म्हणाली, "त्यांना आपण दिसायलाच हवं, असं त्यांचं काही म्हणणं आहे का?" यावर आमचे एकमत अजून झालेले नाही.