गादी पोहरागडावर, भोग तांड्यात

दिग्रस-पुसदकडच्या कुठल्याही बंजारा तांड्यात सेवाभायाचा भोग लागतो, तेव्हा आधी शेणाने सारवलेल्या जागेवर निखारे मांडतात. त्यावर तुपाची धार, मग लापसी. म्हातारा नायक गोरमाटी बोलीत अरदास, म्हणजे प्रार्थना, म्हणत असतो आणि सगळ्यांचे डोळे निखाऱ्यांवर असतात. ज्वाळ उठली की माणसे हात जोडतात. या विधीला ना पोथी लागते, ना पुरोहित.

सेवाभाया म्हणजे संत सेवालाल महाराज. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात, तोही आजच्या आंध्रातल्या गुत्तीजवळचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणाऱ्या लदणीच्या लोकांत ते वाढले. समाधी मात्र आपल्या वऱ्हाडात, वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला, म्हणजेच पोहरागडावर आहे. रामनवमीला यवतमाळ जिल्ह्यातले तांडेच्या तांडे तिकडे निघतात.

सेवालाल महाराज आजन्म ब्रह्मचारी होते. म्हणजे पोहरागडावरची त्यांची गादी मुलाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती भावांच्या वंशात चालत आली. गादीवरचे रामराव महाराजही ब्रह्मचारी. ऑक्टोबर २०२० मध्ये ते गेले, तेव्हा आता पुढे कोण, हा प्रश्न घरोघरी होता. हाच प्रश्न दूर कुठे तरी आणखी कुणाला पडला होता. सेवालाल महाराजांच्याच अठराव्या शतकात पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये हसिदी पंथ उभा राहिला आणि त्याच्या रब्बींची घराणी गावोगावी गाद्या चालवू लागली. पण ब्रेस्लोव्हचे रब्बी नाखमान १८१० मध्ये उमानला वारले, त्यानंतर त्यांच्या अनुयायांनी दुसरा रब्बी नेमलाच नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ ते त्याच एका रब्बीचे म्हणवतात आणि त्याच्या कबरीपाशी जमतात. गुरू गेल्यावर त्याची जागा भरायची की मोकळी ठेवायची, याची दोन उत्तरे एकाच पंथात शेजारी शेजारी नांदली.

बंजारा समाजाने जागा भरली, आणि मला ते चूक वाटत नाही. रेल्वे आली, लदणी बसली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यासारख्या कायद्यांनी फिरस्त्या माणसाला जन्मानेच संशयित ठरवले. व्यापार गेला, वाटाही गेल्या. अशा विखुरलेल्या माणसांना एक पत्ता हवा होता आणि तो पोहरागडाने दिला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्याने तांड्याला राज्यात मान मिळाला. पण कर्नाटकातला लंबाणी, तेलंगणातला लंबाडा आणि वऱ्हाडातला गोर एका ठिकाणी माथा टेकवतात, ही किमया सत्तेची नाही, समाधीची आहे.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. सेवाभायाच्या नावाने तांड्यात जी शिकवण सांगतात तिचा आशय असा: आधी जाणून घ्या, मग चाळून घ्या, आणि मगच माना. हे सांगणाऱ्या संताच्या गादीपुढे प्रश्न विचारायला भीड वाटू लागली, तर गादी राहील आणि सेवाभाया हरवेल. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चांगले झाले, ज्या समाजाची भाषा कागदावर फारशी आलीच नाही, त्याला वस्तू जपणारी जागा हवीच. पण पुढारी गडावर येतात ते गादीमागे मते उभी असतात म्हणून, हेही चाळून घ्यायला हवे. गडाच्या शब्दावर तांड्याने मत द्यावे, ही अपेक्षा मला सेवाभायाच्या शिकवणीशी विसंगत वाटते. आणि तांड्यातल्या मुलींच्या शाळेबद्दल, दारूबद्दल, हुंड्याबद्दल गडाने बोलावे, तितक्याच मोकळेपणाने तांड्याने गडाला विचारावे.

दिवाळी सरली की इकडच्या कित्येक तांड्यांतली घरे कुलूपबंद होतात. कोयता घेऊन माणसे ऊसतोडीला जातात. बैलांऐवजी आता ट्रक आहे, मिठाऐवजी मुकादमाची उचल आहे. पण लदणी काही थांबलेली नाही. फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते. दिवसभर मोळ्या उचललेली बाई चुलीतले चार निखारे बाहेर ओढते, तूप नसले तर गुळाचा खडा ठेवते, आणि ज्वाळ उठेपर्यंत लेकराला हाताशी धरून बसून राहते.