कारणाची शक्ती आणि तेलाचा खवटपणा

पूर्णा आणि गोदावरी या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत रब्बीला करडई घेतली जाते, आणि परभणीत १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण या पिकाला दिले आहे. करडईच्या तेलात साधारण ७० ते ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. हे आम्ल असंतृप्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेले, असल्यामुळे हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग सहज होतो आणि तेल खवट होते. या क्रियेला ऑक्सिडीभवन म्हणतात. पितळी समईत तेल बरेच दिवस राहिले की वातीजवळ हिरवट, चिकट थर धरतो तो तेलातील आम्लांनी तांबे ओढून घेतल्यामुळे. आणि चिंचेने घासल्यावर तो सुटतो, कारण चिंचेतील टार्टरिक आम्ल तेच तांबे स्वतःशी बांधून घेते.

पायसात, म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेल्या मेयोनीजसारख्या मिश्रणात, ऑक्सिडीभवन अधिक वेगाने होते. थेंबांच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइडे जमतात, पाण्यातील लोखंडाचे कण तेथे येऊन त्यांना फोडतात, आणि त्यातून निघालेले अस्थिर रेणू पुढच्या रेणूंना बिघडवत जातात. दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी धातू याला पुरतो. सायट्रिक आम्ल किंवा ईडीटीए हे दुसरे आम्ल मिसळले की धातू मिश्रणातच राहतो, पण अनेक बाजूंनी धरला गेल्यामुळे निष्क्रिय होतो.

कारण उपस्थित आहे आणि कार्य घडत नाही, हा पेच भारतीय दर्शनांना जुनाच आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवल्यास अग्नी जाळत नाही, असे उदाहरण घेऊन मीमांसक म्हणत की अग्नीत दाहाची स्वतंत्र शक्ती असते आणि मण्यामुळे ती नाहीशी होते; दहाव्या शतकातील नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ही शक्ती नाकारली आणि प्रतिबंधकाचा, म्हणजे अडवणाऱ्या वस्तूचा, अभाव हाच कारणसामग्रीचा एक भाग मानला. लोखंडाच्या बाबतीत नैयायिकांचे म्हणणे सरस ठरते, कारण धातूभोवती पूर्वी पाण्याचे रेणू असलेल्या जागा आता आम्लाने व्यापलेल्या असतात आणि हा बदल सांगायला अदृश्य शक्तीची गरज पडत नाही.

तरी एक गाठ उरते. ईडीटीए लोखंडाच्या मानाने कमी पडले तर ते ऑक्सिडीभवन थोपवण्याऐवजी वाढवूही शकते, म्हणजे एकच द्रव्य प्रमाणानुसार प्रतिबंधकही होते आणि साहाय्यकही. नैयायिकांनी ‘उत्तेजक’ मानला होता, मणी असतानाही अग्नीला जाळू देणारी तिसरी वस्तू म्हणून, पण येथे तिसरी वस्तूच नाही. तेव्हा प्रतिबंधकत्व द्रव्यात नसून प्रमाणात आहे असे म्हणावे लागते, आणि कोणत्या प्रमाणातील द्रव्याचा अभाव कारण मानायचा हे नैयायिकाला नेमके सांगावे लागते.

मीमांसकांचा आग्रह मात्र यामुळे पोकळ ठरत नाही. यज्ञ आज संपतो आणि फळ पुढे मिळते, या दोहोंना जोडणारी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती त्यांना हवी होती, आणि शक्तीचा वाद त्यांना एवढा जिव्हाळ्याचा होता तो याच गरजेपोटी. लोखंडाभोवतीच्या जागा दाखवून दाहशक्तीविषयीचे त्यांचे मत कमकुवत करता येते; अपूर्वाविषयीचे मत त्या पुराव्याच्या कक्षेतच येत नाही.