शेवटच्या तोटीचं पाणी

पाणी वाटताना न्याय कशाला म्हणायचं, हा प्रश्न मला पुस्तकात भेटला असता तर मी पान उलटून पुढं गेलो असतो. तो भेटला आमच्या ग्रामसभेत, नळाच्या मेन लाइनीवरून आवाज चढले होते तेव्हा.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या कोरड्या अंगाचं. पाऊस पश्चिमेच्या डोंगरावर पडून मोकळा होतो, आमच्या वाट्याला नुसते ढग. 2019 च्या स्वातंत्र्यदिनी जलजीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. ऐकणाऱ्याला आकडा लहान वाटेल. ज्या बाईनं अठरा हंडे डोक्यावरून आणलेत तिला विचारा.

टाकी उभी राहिली. गाडं अडलं ते पुढं. साहेबांनी नकाशा पसरला. टाकीपासून चावडीपर्यंत जाड पाइप, तिथून आळ्यांना फाटे, आणि शेवटच्या आळीच्या टोकापासून एक बारीक फाटा वरच्या वस्तीला. वस्तीवर मोलमजुरी करणारी चाळीसेक घरं. विहीर कुणाचीच नाही.

वस्तीवरची एक बाई उठली. "साहेब, खाली समद्यांनी तोट्या सोडल्या, वर चार जणांनी मोटारी लावल्या, की आमच्या नळाला काय येईल?"

"ताई, डिझाइनप्रमाणं प्रेशर मिळायला पाहिजे."

"पाहिजे म्हंजे? येईल का न्हाय, येवढंच सांगा."

साहेब नकाशाची घडी सरळ करायला लागले.

वस्तीची मागणी एकच होती, टाकीपासून थेट वेगळी लाइन द्या. खर्च वाढणार होता. त्यावर तात्या बोलले. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस, दोन विहिरी, बागायत. "चाळीस उंबऱ्यांसाठी एवढा पैसा? सगळ्यांना सारखा पाइप, हाच न्याय. आन लोकवर्गणी किती जणांनी भरली, ते भाऊसाहेबांनी वाचून दाखवावं." गावातल्या कामाच्या खर्चाला दहा टक्के लोकवर्गणी हा नियमच आहे. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढलं खरं, पण वाचलं नाही.

सारखा पाइप की सारखं पाणी? आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं शेताचं पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटलं गेलं. भूमिहीनालाही वाटा धरला. तात्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग अडलं कुठं?

तात्या कंजूष नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्याच बहात्तरला, त्यांच्या वडलांच्या वेळी, त्या घरची विहीर सगळ्यांना खुली होती. तात्यांच्या हयातीतही वस्तीवरच्या बायका तिथंच येतात, कुणी हटकत नाही. वाटतं, पाण्यापेक्षा त्यांना पाणी देण्याची सवय सुटवत नसावी. विहिरीवर येणारी बाई आधी "तात्या, भरू का?" म्हणते. नळाला कुणाला विचारावं लागत नाही. देणाऱ्याचं मन कितीही मोठं असलं तरी घेणाऱ्याची मान थोडी वाकतेच, आणि ते देणाऱ्याला दिसत नाही, कारण तो काठावर उभा असतो.

आणि हक्क कागदावर मिळाला म्हणजे तोंडात पाणी पडलं असंही नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. पुढं महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. तिथं आडवी होती जात, इथं आडवा आहे पाइपाचा व्यास. दोन्ही एक नव्हेत, हे मला कळतं. पण "मिळायला पाहिजे" आणि "मिळालं" यातलं अंतर तेच. ते साहेबांच्या नकाशात कुठं दाखवलेलं नव्हतं.

सभा दुपारी दोनपर्यंत चालली. शेवटी वेगळ्या लाइनीचा ठराव झाला, सहा-सात हातांच्या फरकानं. तात्यांनी हात वर केला नाही, विरोधही नोंदवला नाही. चपला घालताना त्या बाईला म्हणाले, "आक्के, नळ आला तरी विहिरीवर येत जा."

"येईन की तात्या. पर हंडा घिऊन न्हाय."

तात्या हसले. मनापासून हसले का, ते सांगता येत नाही.

सुधारित अंदाजपत्रक तालुक्याला गेलंय. वस्तीवर सध्या टँकर येतो, एक दिवसाआड.