वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

गोव्याच्या पेडणे तालुक्यातले मांद्रे आज पर्यटकांना किनाऱ्यासाठी माहीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म इथला, हे मात्र मुंबईतले त्यांच्या नावाचे संग्रहालय पाहून आलेल्यांनाही ठाऊक नसते. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर. पुढे त्यांना कुष्ठरोगावरच्या औषधाने झपाटले. कडू कवठीच्या बियांच्या तेलावर त्यांची भिस्त होती. १८७४ मध्ये ते गेले, तेव्हा वैद्यकाचा हिशेब सरळ होता: औषध द्यायचे, औषधाने रोगाशी लढायचे आणि रोग्याच्या शरीराने ते औषध तेवढे सोसायचे.

हा हिशेब कर्करोगाच्या बाबतीत बदलायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

पहिला धक्का १८९१ मध्ये न्यूयॉर्कला बसला. विल्यम कोली नावाच्या तरुण शल्यविशारदाला जुन्या नोंदींत एक विलक्षण रुग्ण सापडला. मानेवरची गाठ कितीदा कापली तरी परत येत होती. मग त्याला विसर्प झाला, म्हणजे त्वचेला लाल सूज आणणारा जंतुसंसर्ग. ताप चढला, आणि ताप उतरताना गाठही गेली. कोलीने त्या माणसाला शहरभर हिंडून शोधून काढले. तो धडधाकट होता. मग कोली स्वतःच रुग्णांना जंतू टोचू लागला. पुढे मेलेल्या जंतूंचे मिश्रण वापरू लागला. काही गाठी खरोखर विरघळल्या. काही रुग्ण मात्र तापानेच दगावले. मिश्रण दर वेळी सारखे नसे, नोंदी अपुऱ्या, आणि हे कशामुळे घडते याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. कोलीला समकालीनांनी अन्यायाने डावलले असे आज म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आपल्याला काय सापडले आहे, हे त्याला स्वतःलाही सिद्ध करता आले नव्हते. दरम्यान क्ष-किरण आले आणि कोलीचे मिश्रण मागे पडले.

या कल्पनेचा एक धागा मुंबईत परळला सापडतो, आणि तोही कुष्ठरोगातून. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आल्या. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांच्या अभ्यासाशी त्यांचे नाव जोडलेले आहेच; पण कर्करोगाच्या इस्पितळात बसून त्यांनी कुष्ठरोगाचाही तितकाच पाठपुरावा केला. वरवर हे विचित्र वाटते. पण कुष्ठरोग हा प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकासाठी खजिनाच आहे. जंतू एकच, एका माणसाचे शरीर त्याला एखाददुसऱ्या चट्ट्यापुरते कोंडून ठेवते, तर दुसऱ्याच्या शरीरात कोट्यवधी जंतू वाढतात आणि प्रतिकार करणाऱ्या पेशी ढिम्म हलत नाहीत. शत्रू समोर आहे, सैन्य हजर आहे, तरी लढाई का होत नाही? कर्करोगाचे कोडे नेमके हेच आहे.

इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर १९५२ मध्ये उभे राहिले. १९५८ मध्ये तिथे खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा केला. संस्थेच्या नावावरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला गेला. पुढे डॉ. एम. जी. देव यांनी त्यापासून लस तयार केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. गप्प बसलेल्या प्रतिकारशक्तीला जागे करता येते, याचा हा आपल्याकडचा पुरावा. त्याच्या कितीतरी आधी कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडून तिथला कर्करोग आटोक्यात आणला होता. १९७६ साली प्रसिद्ध झालेला तो उपचार आजही वापरात आहे.

तोवरचा सगळा भर जागे करण्यावर होता. ढोल जितका मोठा, तितके सैन्य लवकर उठेल, अशी समजूत होती. त्वचेचा मेलॅनोमा हा यासाठी आवडता रोग ठरला. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या पेशींत इतके जनुकीय बिघाड झालेले असतात, की प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८४ मध्ये प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ च्या मोठ्या मात्रा देऊन मेलॅनोमाच्या एका रुग्णाला पूर्ण बरे केले. बाकीच्या बहुतेकांना मात्र त्या उपचाराचा त्रासच अधिक झाला.

वळण आले ते प्रश्न उलटा विचारल्यामुळे. जेम्स अॅलिसन यांनी विचारले, सैन्य उठत नाही की त्याला कोणी धरून ठेवले आहे? प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवर सीटीएलए-४ नावाचा रेणू असतो. तो लगामाचे काम करतो. अॅलिसन यांनी तो अडवला, आणि १९९६ मध्ये उंदरांतल्या गाठी नाहीशा झाल्याचे प्रसिद्ध केले. तिकडे क्योटोत तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्येच पीडी-१ हा दुसरा लगाम सापडला होता. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. मधल्या काळात २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही लगाम सोडवणारी औषधे मेलॅनोमासाठी मंजूर झाली. पसरलेला मेलॅनोमा म्हणजे बहुतेकांच्या हाती जेमतेम वर्ष, अशी आधीची स्थिती होती. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी ४३ टक्के जिवंत होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेला होता. ते शंभरी पूर्ण करून २०२४ च्या अखेरीस गेले.

पण पेडणे-डिचोलीच्या माणसाला हे सारे सांगून काय उपयोग? मेलॅनोमा आपल्याकडे विरळा. होतो तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. त्यात उन्हाचा हात नसतो आणि ही औषधेही त्यावर तितकीशी चालत नाहीत. आपल्याकडचा रोग म्हणजे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग. गोव्याने याबाबत आधी पावले उचलली, हे नोंदवायला हवे. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा इथे १९९७ मध्येच झाला, आणि गुटखाबंदी २००५ मध्ये आली. कायद्याने दुकानातली पुडी कमी होते. वीस वर्षे गालात धरलेल्या तंबाखूचा हिशेब मात्र पुढे चालूच राहतो.

गोऱ्या कातडीच्या रोगावर तयार झालेले औषध तंबाखूने पोखरलेल्या तोंडावर चालते का, याचे उत्तर होकारार्थी आले. अडचण किमतीची होती. भारतात ज्यांना इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला लढायला लावणाऱ्या या औषधांची, गरज आहे, त्यांतल्या शंभरात तिघांनाही ती मिळत नव्हती. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना कुटुंबाला आकारानुसार वर्षाला अडीच किंवा चार लाखांचे संरक्षण देते. देशातल्या अनेक राज्यांशी ताडून पाहिले तर ते वाईट नाही, पण निवोलुमॅबच्या पूर्ण मात्रेपुढे ती रक्कम फार टिकत नाही.

इथे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तिसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तो अॅलिसनच्या प्रश्नाइतकाच धाडसी होता. लगाम सोडायला औषध नेमके किती लागते? सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते, की अगदी थोड्या मात्रेतही टी-पेशींवरच्या पीडी-१ च्या बहुतेक जागा भरून जातात. मग प्रचलित २४० मिलिग्रॅम कशाला? डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या १५१ रुग्णांची चाचणी केली. सर्वांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे. त्यांतल्या निम्म्यांना त्याखेरीज दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. एका वर्षानंतर निवोलुमॅब न मिळालेल्यांत १६.३ टक्के जिवंत होते, मिळालेल्यांत ४३.४ टक्के. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रेशी थेट तुलना त्यात नव्हती, हा पाश्चात्त्य आक्षेप योग्यच आहे. पण ती तुलना करण्यात औषध कंपनीला रस असण्याचे कारण नाही. आणि ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नाही, त्याच्यासाठी खरी तुलना ‘थोडे’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यात असते.

याची दुसरी बाजू अगदी व्यवहारी आहे. आपल्याकडे निवोलुमॅबची लहानात लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, आणि उघडल्यावर ती फार काळ ठेवता येत नाही. म्हणजे एकाच दिवशी दोन रुग्ण हवेत, तरच पैसे वाचतात. परळला ते रोज जमते. लहान राज्यात त्यासाठी वार ठरवून रुग्णांना एकत्र बोलावावे लागते. तुये, हरमल किंवा मये, शिरगावच्या रुग्णाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात यायचे, तर त्या ठरलेल्या दिवशी मजुरी बुडते आणि बरोबर येणाऱ्या मुलाची सुट्टीही जाते.

याहून नवा उपचारही आपल्याकडे तयार झाला आहे. खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’मध्ये, म्हणजे खानोलकरांच्या संस्थेच्या आजच्या रूपात, रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, नव्याने घडवून परत देणाऱ्या ‘नेक्सकार१९’ची चाचणी झाली. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने ती पेशी घडवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. परदेशी किमतीच्या काही अंशात ती उपलब्ध झाली, पण फक्त काही रक्ताच्या कर्करोगांसाठी. तोंडाच्या घट्ट गाठीत अशा पेशी अजून नीट शिरत नाहीत. म्हणून नजीकच्या काळात डिचोलीच्या रुग्णापर्यंत पोहोचेल ती वीस मिलिग्रॅमचीच सलाईन.

आणि ती पोहोचली तर काम संपत नाही. सैल सुटलेली प्रतिकारशक्ती कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, कधी थायरॉइडवर उलटते, आणि तेही सलाईन घेतल्यानंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. रुग्ण तेव्हा बांबोळीत नसतो, घरी असतो. जुलाब लागले म्हणून तो साखळी किंवा पेडण्याच्या सरकारी दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरने ‘बाहेरचे काही खाल्ले होते का?’ एवढेच विचारून क्षारसंजीवनी दिली, तर मौल्यवान दिवस वाया जातात. या जुलाबांना बहुतेकदा स्टिरॉइड लागते, आणि वेळेत लागते. रुग्णाच्या खिशात कोणते औषध चालू आहे हे सांगणारे एक कार्ड असले आणि ते पाहायची सवय डॉक्टरला असली, तर यातले बरेच टळते. त्या कार्डाला एकही मिलिग्रॅम औषध लागत नाही.