हॅरी पॉटर संपल्यावर काय द्यायचं?

‘हॅरी पॉटर’चा सातवा भाग परत करणाऱ्या मुलाच्या हाती पुढचं पुस्तक कोणतं ठेवायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. वाचनालयाच्या देवघेव टेबलापलीकडचा माणूस बहुधा मुखपृष्ठ बघून उत्तर देतो. आधीच्यात छडी होती ना, मग हे घे, यातही छडी आहे. ऑनलाइन दुकानंही फार वेगळं करत नाहीत. ‘हे घेणाऱ्यांनी ते घेतलं’ एवढाच त्यांचा मुख्य हिशेब, आणि वाचनालयाच्या कार्डावर नेलेलं मराठी पुस्तक त्या हिशेबात येतच नाही.

छडीला छडी जुळवणं याला मी शिफारस म्हणणार नाही. एकच मालिका दहा जणांना दहा कारणांनी आवडते. ते कारण काढून घ्यायचं तर ‘आवडलं का?’ हा प्रश्न कुचकामी. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘कोणता भाग पुन्हा वाचलास?’ असं विचारावं.

एखादी मुलगी सांगेल, वसतिगृह, रात्री चोरून भटकणं, रॉन-हर्मायनीची भांडणं. हिला जादूची फारशी पडलेलीच नाही. हिला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, ‘ट्टॉक’ करणारा हा काटकुळा पोरगा एकही मंत्र न म्हणता तिची भूक भागवेल. दुसऱ्याला मात्र व्होल्डेमॉर्टचं नाव घेताना सगळ्यांची पाचावर धारण बसते, तेच आवडलेलं असतं. त्याच्यासाठी नारायण धारपांचा समर्थ आहे. धारपांना आपण भयकथांच्या कपाटात कोंडून ठेवलं. पण अमानवी शक्ती आणि तिच्यासमोर साधनेच्या बळावर उभा राहणारा माणूस हा समर्थकथांचा गाभा अद्भुताचाच आहे. वय बघून द्यावा, एवढंच. धारप रात्री झोपू देत नाहीत.

टोल्कीनचा वाचक आणखी अवघड. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलं आहे. ते वाचून झालं की लोक पुन्हा एल्फ आणि बुटके शोधू लागतात. पण काही वाचक शेवटाशी अडकलेले असतात. अंगठी नष्ट झाली, युद्ध जिंकलं, तरी फ्रोडोचं मन घरी रमत नाही. एल्फ गलबतात बसून निघून जातात. एक काळच आटोपतो. अशा वाचकाला मी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ सुचवीन. हे 1967 चं पुस्तक कादंबरी नव्हे आणि त्यात चमत्काराला जवळपास थारा नाही, हे आधीच सांगून. पण जिंकलेल्यांच्या हाती शेवटी काय उरतं, हा प्रश्न तिथे याच धारेने येतो. दरबारी डावपेचांसाठी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ वाचणाऱ्याला ना. सं. इनामदारांची ‘झेप’ द्यावी. त्रिंबकजी डेंगळ्यांपुढे वेस्टेरोसचे कारभारी फिके वाटतील.

यात एक लबाडी मात्र नको. मुलाची आवड हेरून तिच्या आडून ‘संस्कारक्षम’ पुस्तक गळ्यात मारणारे मास्तर आपल्याकडे कमी नाहीत. मुलांना ते लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ती विचारायलाच येत नाहीत.

सोलापूरकराला यात एक जादा सोय आहे. या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. ‘चंदामामा’ जुलै 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, कन्नडमध्ये 1949 मध्ये, आणि एप्रिल 1952 मध्ये मराठीत ‘चांदोबा’ झाला. दासरी सुब्रह्मण्यम यांनी तेलुगूत लिहिलेल्या मांत्रिक-राक्षसांच्या क्रमशः कथा या भावंडांमधून इतर भाषांत गेल्या. पुढच्या अंकाची वाट बघायला लावणारी मालिका आपल्या घरांत हॉग्वर्ट्सच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. आणि जिथे दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह संमती कट्ट्यावर हजारोंच्या साक्षीने लागतो, तिथल्या पोराला अद्भुत म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत नातवंडं तेलुगू बोलतात, पण त्यांना लिपी येत नाही, आजीला येते. त्या मुलांसाठी पुढचं पुस्तक आजीने वाचून दाखवायचा जुना ‘चंदामामा’ही असू शकतो. शिफारस करणाऱ्याने कपाटाची पाटी ओलांडावी तशी भाषाही ओलांडावी. ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असं सांगतातच की.

तेव्हा वाचनालयांना एक विनंती. देवघेव टेबलावर एक साधी वही ठेवा. तीन रकाने आखा: काय आवडलं, का आवडलं, पुढे काय वाचावं. मधला रकाना कोणी कोरा सोडला, तर वही पुन्हा त्याच्याच हातात द्या. आणि ज्यांच्या माळ्यावर ‘चांदोबा’चे जुने अंक असतील, मग ते कुठल्याही भाषेतले असोत, त्यांनी ते रद्दीवाल्याला घालण्याआधी जवळच्या वाचनालयात विचारून यावं.